शुक्रवारचा पास्ता: गहू बंद, स्टार्च बंद, दूधही बंद. एकाच पातेल्यातून सगळ्यांना काय वाढू?

ऋजुता_कोथरूड (५ जुलै २०२५, सकाळी १०:१२)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नवरा ४४ वर्षांचा. दीड वर्षात त्याचं नऊ किलो वजन गेलं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नव्हतं. आधी ताण, मग अ‍ॅसिडिटी, मग आणखी काही असं ऐकत राहिलो. शेवटी रक्तातल्या प्रतिपिंडांची टीटीजी तपासणी झाली, एंडोस्कोपी करून तुकडा तपासायला गेला आणि मे महिन्यात कळलं की सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. ते ज्यांत असतं ते गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद.

त्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या तीन महिन्यांसाठी आणखी पथ्य घातलंय. कॉर्नफ्लोअर, टॅपिओका यांसारखी काढलेली स्टार्च नाहीत. साखर नाही. पाकिटातलं तयार काही नाही. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दूध-चीजही नाही. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, दाणे, अंडी, मासे सगळं चालेल. ‘बघितल्यावर ओळखू येईल असं अन्न’ हे त्यांचे शब्द.

भाकरी-आमटी-भात यांवर घर बसलं. अडलंय ते शुक्रवारी. लेक नऊ वर्षांची आहे. ती चार वर्षांची असल्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी बाप-लेक मिळून पास्ता करतात. ती स्टुलावर उभी राहून लसूण सोलते, तो सॉस ढवळतो, मला त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रवेश नसतो. निदान झाल्यापासून दोन पातेली मांडत होतो, तिचा वेगळा, त्याचा वेगळा. काल तिने ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाली, बाबा खाणार नाही तर मलाही नको.

दुकानातून ग्लूटेनमुक्त पास्ता आणून बघितला. पाकिटामागे मक्याचं स्टार्च, तांदळाचं पीठ, इमल्सिफायर. बाई म्हणाल्या, ग्लूटेन नाही हे खरं, पण यात धान्य कुठे उरलंय? नेटवर शोधलं तर झुकिनीचे नूडल्स, कोंजॅक नावाच्या कंदाचे नूडल्स, सगळं वजन उतरवणाऱ्यांसाठी. याला वजन वाढवायचंय. झुकिनीचे दोन बाऊल खाऊन तो दहा वाजता दाणे-गूळ शोधत होता.

मला एकच पातेलं हवंय, तिघांसाठी. कुणी असं काही करतं का?

---

देवगडची_मावशी (५ जुलै, सकाळी ११:०५)

ऋजुता, तुझ्या लेकीला माझा आशीर्वाद सांग. गुणाची पोर आहे.

अगं, शिरवाळे विसरलीस का? आमच्याकडे तांदळाचे शिरवाळे आणि नारळाचा रस करतात, गूळ-वेलची घालून. ते गोडाचं झालं. पण शिरवाळ्याला स्वतःची अशी चव फारशी नसते. त्यावर टोमॅटोचा सॉस घातलास तर तोही तो मुकाट्याने घेईल.

तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळायचा. पिठाची उकड काढायची, मळून लिंबाएवढे मोठे गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की काढून गरम असतानाच साच्यातून दाबायचे. आमचा लाकडी उभा साचा आहे, त्यावर एकाने भार द्यायचा आणि दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. दोघांचंच काम आहे ते. तुमच्या बाप-लेकीला बरोबर जमेल. पुण्यात पितळी सोऱ्या असेलच घरात.

हातसडीचा तांदूळ मिळाला तर तोच घे. तुझ्या बाईंना आवडेल.

---

खपलीवाला (५ जुलै, दुपारी १२:४०)

ताई, तुम्ही खपली गहू वापरून बघा. आमच्याकडे सांगली भागात पिकतो. जुनं वाण आहे, ग्लूटेन कमी, मधुमेहवाल्यांनाही डॉक्टर सांगतात. खपलीच्या शेवया आणि आता पास्तासुद्धा मिळतो. पचायला एकदम हलका. हवा असेल तर पाठवायची व्यवस्था करतो.

---

स्टेथो (५ जुलै, दुपारी १:१५)

हे वाचून लगेच लिहितोय, कारण कुणीतरी यावर विसंबून करून बघेल.

खपली हा गहूच आहे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाला खपली, बन्सी, जोड, शरबती यांतला एकही गहू चालत नाही. ज्या डुरम गव्हाचा पास्ता होतो, तो डुरम खपलीच्याच कुळातून आला आहे, खपली त्याचा पूर्वज. निरोगी माणसाला खपली पचायला बरा वाटत असेल, तो वेगळा विषय. सिलिअ‍ॅकमध्ये प्रश्न पचनाचा नसतो. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते आणि आतल्या बारीक केसाळ घड्या, म्हणजे व्हिलाय, सपाट होत जातात. त्यामुळे लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम शोषलंच जात नाही. गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन का चढत नव्हतं, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. दूध पचवणारं लॅक्टेज याच घड्यांच्या टोकांवर तयार होतं, म्हणून तात्पुरतं दूधही बंद. घड्या भरून आल्या की बहुतेकांना ते पुन्हा चालू करता येतं.

‘थोडं चालतं’ हा हिशोब इथे नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ छापायची मर्यादासुद्धा आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी एका किलोत २० मिलिग्रॅम, इतकी बारीक आहे.

---

खपलीवाला (५ जुलै, दुपारी २:०२)

स्टेथो साहेब, मला हे माहीत नव्हतं. मी चार-पाच जणांना असंच सांगितलं आहे. त्यातल्या एकीच्या मुलाला हाच आजार आहे. आत्ता तिला फोन लावतो. ताई, माफ करा.

---

ऋजुता_कोथरूड (५ जुलै, दुपारी ३:३०)

माफी कसली दादा, उलट फोन करताय हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मायेने खपलीची खीर आणून दिली होती.

मावशी, सोऱ्या आहे, सासूबाईंचा. उद्या एकादशी, तर सोमवारी बसते.

---

अवंती_न्यूजर्सी (५ जुलै, रात्री ८:५०)

ऋजुता, मी तीन वर्षांपूर्वी तीस दिवसांचं एक पथ्य केलं होतं, व्होल-थर्टी नावाचं. अमेरिकेत २००९ पासून चालू आहे. त्यात धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. राजगिरा नि बकव्हीटसुद्धा (आपला कुट्टू) धान्यातच धरतात. आणि चालणाऱ्या पिठांचा केलेला नकली पास्ताही त्यांना नको असतो, कारण त्यांना सवयच मोडायची असते. म्हणून मी पूर्ण महिनाभर भाज्यांचे नूडल्स खाल्ले. तुमच्या पथ्यात धान्य-डाळ आहे म्हणजे तुम्ही खूप मोकळ्या आहात, हे आधी सांगते. नेटवर ‘पास्त्याला पर्याय’ म्हणून जे येतं, ते तीन-चार वेगवेगळ्या पथ्यांचं एकत्र येतं. आपलं पथ्य कुठलं ते ठरवूनच वाचावं, नाहीतर माणूस विनाकारण उपाशी राहतो.

तरी भाज्यांबद्दल शिकले ते सांगते, कारण त्या निम्म्या मिसळायला छान आहेत. झुकिनी मिळाली नाही तरी दुधी चालतो, कोवळा, बिया काढून. गाजर आणि लाल भोपळा तर फारच छान. या भाज्या उकडायच्या नाहीत. तापलेल्या कढईत थोड्या तेलावर दोन मिनिटं परतायच्या आणि मीठ अगदी शेवटी, वाढताना. मीठ आधी पडलं की सगळं पाणी सुटतं आणि सॉसचं सार होतं. माझे पहिले पाच-सहा बाऊल असेच वाया गेले.

इथे स्पगेटी स्क्वॉश नावाचा पिवळा भोपळा मिळतो. भाजला की आतून आपोआप शेवया निघतात. लोक तो उभा चिरतात, पण त्याचे धागे आडवे, गोल फिरलेले असतात. आडव्या चकत्या करून भाजला तर लांब शेवया मिळतात. पुण्यात मिळत असेल तर मुलीला दाखवायला म्हणून तरी आण, तिला जादू वाटेल.

कोंजॅक तुमच्यासाठी नको. जवळजवळ सगळं पाणी आणि उरलेला तंतू, त्यात भरण्यासारखं काही नाही. शिवाय तो तंतू औषधं शोषायच्या आड येऊ शकतो, आणि यजमान लोहाच्या गोळ्या घेताहेत.

---

मीनल_ठाणे (६ जुलै, सकाळी ९:२०)

मलाही पोळी खाल्ली की पोट फुगतं. वाचून वाटतंय की महिनाभर गहू सोडून बघावा. बरं वाटलं तर तपासणी करीन.

---

स्टेथो (६ जुलै, सकाळी ९:५५)

मीनल, कृपया उलट करा. आधी तपासणी, मग सोडणं. गहू बंद केला की रक्तातल्या त्या प्रतिपिंडांचं प्रमाण उतरायला लागतं, आतडं भरायला लागतं आणि आजार असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. मग खरं काय ते कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो आणि तो काळ रुग्णाला फार जड जातो. मी असे रुग्ण पाहिलेत, म्हणून कळवळून सांगतोय. पोळी खात राहा, या आठवड्यात रक्त द्या.

---

मीनल_ठाणे (६ जुलै, सकाळी १०:३०)

थांबते मग. उद्याच लॅबमध्ये जाते.

---

जुन्नरी (६ जुलै, संध्याकाळी ६:१०)

एकादशीच्या शुभेच्छा सगळ्यांना. राजगिरा, शिंगाडा, वरई, हे उपासाचं सगळं बिनगव्हाचंच असतं, तेवढं ध्यानात ठेवा. साबुदाणा मात्र तुमच्या बाई सोडतील असं वाटत नाही, ते निव्वळ स्टार्च.

आता माझं म्हणणं. तुम्ही हुलग्याचे शेंगोळे का करत नाही? पास्त्याला पर्याय म्हणून नका बघू, तो आपला पास्ताच आहे. पीठ मळून हातावर वळायचं, उकळत्या रश्श्यात शिजवायचं, रस त्याच्या पिठानेच दाट होतो. आमच्याकडे पावसाळ्यात आठवड्याला एकदा होतातच. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं, लोहही चांगलं. अंगात काही उरलं नसेल त्या माणसाला यापेक्षा चांगलं काय देणार?

फक्त एक आहे. पुष्कळ घरांत शेंगोळे तुटू नयेत म्हणून मूठभर गव्हाचं पीठ घालतात. तुम्ही ज्वारीचं घ्या. तीन वाट्या हुलग्याचं, एक वाटी ज्वारीचं. ज्वारीवर कडकडीत पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग हुलग्याचं पीठ, भरपूर लसूण, जिरं, मिरची, मीठ घालून घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून करंगळीपेक्षा बारीक वळायचे. रसाला खळखळून उकळी आल्याशिवाय सोडायचे नाहीत आणि सोडल्यावर पाच मिनिटं पळी घालायची नाही. वीस मिनिटांत होतात.

लेकीला वळायला बसवा. आमच्या घरात सगळ्यात बारीक शेंगोळे आमची धाकटी वळते.

---

मिलानकर (६ जुलै, रात्री १०:४५)

नमस्कार. मी चौदा वर्षं इटलीत, मिलानमध्ये. माझ्या बायकोला सिलिअ‍ॅक आहे. ती इथलीच, पास्त्यावर वाढलेली. त्यामुळे ऋजुताताई, तुमच्या ताटलीचा प्रसंग वाचताना मला थांबावं लागलं.

इथे १९६७ पासून कायद्याने वाळवलेला पास्ता डुरम गव्हाचाच असावा लागतो. इतकं ते धान्य आणि तो पदार्थ एक झालेत. पण या आजाराची जाणही इथे खूप आहे. रुग्णांना सरकारकडून दरमहा ग्लूटेनमुक्त अन्नासाठी पैसे मिळतात, औषधांच्या दुकानातही असा पास्ता असतो. तरी त्यातला बराचसा मका-तांदळाचा, पांढरा, रक्तातली साखर लवकर चढवणारा. गव्हाच्या पास्त्यात ग्लूटेनची जाळी स्टार्चला धरून ठेवते, म्हणून तो सावकाश पचतो. जाळी गेली की स्टार्च मोकळं होतं. सकस हवं तर आम्ही फक्त मसुराच्या पिठाचा किंवा फक्त छोल्याच्या पिठाचा पास्ता घेतो, पाकिटामागे एकच घटक असलेला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव वाचलं की निम्मं कळतं, आणि यादी किती लांब आहे त्यावरून उरलेलं.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. इटलीतही छोल्याच्या पिठाचं जुनं खाणं आहे. जिनोव्हाकडे फारिनाता करतात: छोल्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेलं. सासूबाईंनी पहिल्यांदा वाढलं तेव्हा मी म्हटलं, हे तर बेसनाचं धिरडं! सिसिलीत पानेल्ले करतात: पीठ शिजवून घोटायचं, थापायचं, गार झालं की कापायचं, तळायचं. आपली पाटवडीच. तेव्हापासून घरी मी पाटवडी करतो, पातळ थापतो, लांब पट्ट्या कापतो आणि वर टोमॅटोचा सॉस घालतो. बायकोच्या माहेरी ते इटालियन म्हणून खातात, माझी आई आली की मराठी म्हणून खाते.

एक वाटी बेसनाला अडीच वाट्या पाणी, हळद, मीठ, थोडं लिंबू. गुठळ्या मोडून मंद आचेवर पंधरा मिनिटं घोटायचं, कडा सुटेपर्यंत. ताक नको, पाण्यात होतं. तेल लावलेल्या ताटात पाव सेंटिमीटर जाड पसरायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

---

देवगडची_मावशी (७ जुलै, सकाळी ७:३०)

मिलानकर, तुमच्या आईला सांगा, मुलगा हाताचा चांगला आहे.

---

ऋजुता_कोथरूड (८ जुलै, रात्री ९:२०)

काल नाचणीच्या शेवया केल्या, तांदळाऐवजी. शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि दूध बंद असल्यामुळे बाईंनी तीच सुचवली. उकड काढली, सोऱ्यातून पाडल्या, चाळणीवर वाफवल्या. चमचा लावला आणि सगळा भुगा. मी तो भुगा ताक नसलेल्या आंबिलीत ढकलला, पण डोळ्यांत पाणी आलं. कुठे चुकलं?

---

देवगडची_मावशी (८ जुलै, रात्री ९:५०)

रडू नकोस. पाणी पिठावर ओतलंस की पीठ पाण्यात घातलंस? आणि किती उकळलं?

---

ऋजुता_कोथरूड (८ जुलै, रात्री ९:५८)

गरम पाणी पिठावर ओतलं. उकळी नव्हती फुटली, मीठ विरघळण्याइतकं गरम.

---

देवगडची_मावशी (८ जुलै, रात्री १०:१५)

तिथेच. गव्हाच्या कणकेला चिकटपणा उपजत असतो, आपल्या या धान्यांना तो पाण्याच्या आचेने आणावा लागतो. पाणी खळखळ उकळू दे. एक वाटी पिठाला एक वाटी आणि वर दोन चमचे पाणी, मीठ, चमचाभर तेल. पीठ एकदम घाल, उलथन्याच्या दांड्याने हलव, गॅस बारीक करून झाकण ठेवून दोन वाफा काढ. मग गरम असतानाच ताटात घेऊन पाण्याचा हात लावत मळ. हाताला चटका सोसवेल तितक्या गरम. मऊ लोण्यासारखा गोळा झाला पाहिजे, भेग दिसली तर अजून मळ. सोऱ्याला जाड शेवेची ताटली लाव. बारीक शेव भाताबरोबर ठीक, सॉसात टिकत नाही.

वाफवायच्या दहा-बारा मिनिटं. आणि वाफवल्यावर पंखा लावून पूर्ण गार कर. गरम शेवई हलवली की तुटते, गार झालेली दोरीसारखी राहते. वाढताना वरून उकळता सॉस घालायचा, तेवढ्यानेच त्या पुन्हा गरम होतात.

---

स्टेथो (९ जुलै, सकाळी ८:०५)

मावशींच्या गार करण्यात आणखी एक फायदा आहे. शिजलेलं स्टार्च गार झालं की त्यातलं काही पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतं. रक्तातली साखर थोडी सावकाश चढते.

ऋजुता, आता एक महत्त्वाचं. पीठ कुठून दळून आणता?

---

ऋजुता_कोथरूड (९ जुलै, सकाळी ९:१०)

कोपऱ्यावरच्या गिरणीत. नाचणी, ज्वारी सगळं तिथेच.

---

स्टेथो (९ जुलै, दुपारी १:३०)

मग आधी ते बदला. गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्याच्या पाळीत राहिलेलं ते पीठ तुमच्या डब्यात येतं. दिसत नाही, पण वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा ते कितीतरी जास्त असू शकतं. घरघंटी घेणं जमलं तर फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवा. नाहीतर धान्य निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर दळा. निवडणं सोडू नका, ज्वारीतही गव्हाचे दाणे सापडतात.

घरातल्या आणखी काही जागा सांगतो, कारण या आपल्या मराठी घरातल्या आहेत आणि परदेशी याद्यांत सापडत नाहीत. हिंग: डबीतला बांधणी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, पण लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. सोया सॉसमध्ये गहू. लाकडी पोळपाट-लाटणं वर्षानुवर्षं कणीक पीत आलेलं असतं, ते त्याच्यासाठी नको. आणि ज्या पातेल्यात लेकीचा गव्हाचा पास्ता उकडलात त्याच पाण्यात याचा उकडू नका.

---

ऋजुता_कोथरूड (९ जुलै, दुपारी ४:४५)

हिंग. दोन महिने मी रोज त्याच्या आमटीला हिंगाची फोडणी देतेय. आत्ता डबी उलटी करून वाचली, दुसरंच नाव गव्हाचं पीठ. मन लावून सगळं सांभाळत होते आणि हे रोज माझ्याच हाताने जात होतं.

सासूबाईंचा सोऱ्याही. त्यात आम्ही गेल्या दिवाळीत कडबोळी केली होती, गव्हाची.

---

देवगडची_मावशी (९ जुलै, संध्याकाळी ५:१०)

आता कळलं ना, मग आजपासून नाही जाणार. लसणाची फोडणी दे, हिंग आठवणारही नाही. सोऱ्या पितळी असेल तर चिंच लावून, ताटलीची भोकं सुईने साफ करून चालेल की नाही ते डॉक्टरांना विचार. मी तर नवाच आणीन.

---

स्टेथो (९ जुलै, रात्री ९:३०)

नवाच आणा, दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे. आणि ऋजुताताई, निदानानंतर पहिल्या महिन्यांत प्रत्येक घरात एक हिंग निघतो. तुमचा लवकर निघाला.

---

अवंती_न्यूजर्सी (१० जुलै, पहाटे ५:४०)

सॉसचं कुणी बोललंच नाही. चीज-क्रीम नाही तर लाल भोपळा उकडून वाटायचा, त्यात दहा-बारा भिजवलेले काजू. रंग आणि दाटपणा दोन्ही येतं आणि वजन वाढायलाही उपयोगी. वरून चीजऐवजी भाजलेल्या तिळाचा कूट, लसूण आणि मीठ. बेसिलची जुडी महाग असते पुण्यात. सब्जाचं रोप लाव, तीच जात आहे वनस्पतिशास्त्राने. पानाचा वास किंचित उग्र असतो, पण सॉसमध्ये सुंदर उतरतो.

---

ऋजुता_कोथरूड (१२ जुलै, सकाळी ८:१५)

काल शुक्रवार होता.

नवा सोऱ्या आणला. नाचणी धुऊन, वाळवून घरी दळली. बाप-लेकीला मावशींची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली आणि मी बाहेर बसले. आतून ‘भेग दिसतेय बाबा, अजून मळ’ असं तीनदा ऐकू आलं. सोऱ्या त्याने दाबला, ताट तिने फिरवलं. पंख्याखाली ठेवून दोघं पाच मिनिटं नुसती बघत बसली होती. शेवया तुटल्या नाहीत. भोपळा-काजूचा सॉस आणि दोन मिनिटं परतलेला दुधी-गाजर त्यात मिसळला. रंग चॉकलेटी झाला, त्यामुळे तिने पहिला घास जरा बिचकत घेतला. नंतर दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्याने तीन वेळा.

नाचणीची चव पास्त्यासारखी लागते असं मी म्हणणार नाही. ती मातीकडे झुकणारी चव आहे आणि टोमॅटोच्या आंबटपणाशी तिचं पटलं नसतं असं मला वाटतं. भोपळ्याच्या गोडसर सॉसशी मात्र छान जमलं.

---

जुन्नरी (१२ जुलै, सकाळी ९:००)

वाचून फार आनंद झाला. टोमॅटोसाठी ज्वारीच्या शेवया घ्या, चव सौम्य असते. आणि शेंगोळे राहिलेत अजून.

---

ऋजुता_कोथरूड (२६ जुलै, दुपारी १२:३०)

दोन आठवड्यांचं एकत्र लिहिते.

१८ तारखेला शेंगोळे. जुन्नरी दादा, तुमच्या प्रमाणात एकही फुटला नाही. पळी न घालणं सगळ्यात अवघड गेलं. नवऱ्याला इतके आवडले की आता ते मंगळवारीही होतात. लेकीला तिखट लागले, तिच्यासाठी पुढच्या वेळी मिरची कमी आणि टोमॅटो जास्त घालणार आहे.

काल श्रावणातला पहिला शुक्रवार. जिवतीची पूजा केली, लेकीला ओवाळलं, आणि संध्याकाळी मिलानकरांच्या पाटवडीच्या पट्ट्या केल्या. पहिला थर जाड झाला होता, दुसरा बरोबर. लसूण-टोमॅटोचा सॉस, सब्जाची पानं (रोप लावलंय), वर तीळकूट. माझं मत विचाराल तर आतापर्यंत केलेल्यात खऱ्या पास्त्याच्या सगळ्यात जवळ हेच. जिभेवर तसंच गुळगुळीत लागतं, सॉस धरून ठेवतं. घाईच्या दिवशी भिजवलेल्या मुगाची पातळ धिरडी गुंडाळी करून कापते, त्या फितीही चालतात, पण त्या सॉसात दहा मिनिटांत मऊ पडतात, लगेच वाढाव्या लागतात.

हिंग सोडल्यापासून त्याचं दुपारचं पोट फुगणं जवळपास थांबलंय. वजन दीड किलो वर आहे. रक्त ऑगस्टअखेरीस तपासायचंय.

---

मीनल_ठाणे (२६ जुलै, दुपारी २:१०)

माझा अहवाल सांगायचा राहिला. सिलिअ‍ॅक नाही. डॉक्टर दुसरीकडे शोधताहेत. गहू सोडला नाही हे बरं झालं. आणि पाटवडीच्या पट्ट्या आम्हीही केल्या, घरात कुणाला काही झालेलं नसताना.

---

मिलानकर (२६ जुलै, संध्याकाळी ७:००)

ऋजुताताई, पट्ट्या सॉसमध्ये ढवळू नका, ताटलीत पसरून वरून सॉस घाला. आणि उरल्या तर दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून बघा, मुलीला डब्यात देता येतील.

---

देवगडची_मावशी (२६ जुलै, रात्री ८:२०)

ऋजुता, सगळं नवं घेतलंस, सोऱ्या घेतलास, पीठ घरी दळतेस. पिठाची चाळणी बदललीस का? कणकेची तीच वापरत असशील तर तीही वेगळी कर.

---

ऋजुता_कोथरूड (२६ जुलै, रात्री ८:३१)

नाही बदलली मावशी. उद्या सकाळी आणते.